बोडक्या टेकडीवरची हरकत

माझ्या सासरच्या गावात एक प्रश्न कोणी कोणाला विचारत नाही. बाई टोपलं घेऊन घराबाहेर पडली की तिला "कुठे चाललीस?" असं म्हणायचं नाही. "निघालीस का?" म्हणायचं, फार तर ऊन किती तापलंय ते सांगायचं आणि आपल्या वाटेने जायचं. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, जाणाऱ्याला टोकू नये ही सगळीकडे असते तशी रीत असेल. थोड्याच दिवसांत कळलं की शकुन-अपशकुनाशी याचा काही संबंध नव्हता. संबंध दगडाशी होता.

अड्याळच्या बाजूला, टेकड्यांच्या पायथ्याच्या शेतांत कुरुंद निघतो. धार लावायच्या चाकात घालतात तो जड, कडक दगड. खाणबिण काही नाही. पावसाने माती वाहून गेली की बांधाच्या कडेला, नाल्याच्या काठाला एखादा तुकडा उघडा पडतो. तिथे खुरप्याने उकरलं की आणखी सापडतात. पुरुष धानाच्या मागे असतात, दगड बायकांचा. प्रत्येकीची उकरायची जागा ठरलेली, तिला 'ठाव' म्हणतात. ठाव नवऱ्यालाही सांगत नाहीत. सासू सुनेला सांगते, तेही हातपाय थकल्यावर. बाजाराच्या दिवशी अड्याळला एक व्यापारी तो दगड घेतो, आणि त्या पैशाबद्दल घरात कोणी चकार शब्द काढत नाही. बाईच्या हातात तेवढाच एक पैसा असा येतो, जो कोणाकडे मागावा लागत नाही.

मी जवाहरनगरच्या क्वार्टरात वाढलेली. वडील तिथल्या सरकारी फॅक्टरीत फिटर. आमच्याकडे फाटकावर पास, बसमध्ये पास, दवाखान्यात कार्ड. कागद दाखवला की फाटक उघडतं, असं माझ्या डोक्यात लहानपणापासून पक्कं बसलेलं. माझ्या सासूच्या डोक्यात नेमकं उलटं होतं. "सरकारी घरची पोरगी हाय, हिच्यापुढं जरा जपून बोलत जा," असं ती शेजारणींना माझ्यादेखत सांगायची.

तिला सगळं गाव आत्याबाई म्हणायचं, मीही. बारीक अंगाची, पण आवाज असा की नाल्यापलीकडची गुरं मागे वळावीत. ती सकाळी शेणाचं टोपलं घेऊन उगवतीकडे, नाल्याच्या वाटेने जायची आणि दुपारी यायची. वरचं शेण बाजूला केलं की खाली दगड असायचे. कनवटीला तिची गारगोटी. दगड कुरुंदच आहे की नाही हे पाहायला तो गारगोटीवर ओढायचा. पांढऱ्या गोट्यावर चरा उमटला तर कुरुंद. नवी नवरी असताना एकदा माझ्या तोंडून निघून गेलं, "आत्याबाई, कुठे निघालात?" तिने डोक्यावरचं टोपलं उतरवून अंगणात ठेवलं, घरात जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. त्या दिवशी ती गेलीच नाही. त्यानंतर माझ्याशी बोलायला तिने पुढचा सण उजाडू दिला.

खरं सांगते, मलाही तिचा संशय यायचा. बाजारात व्यापारी आमचा दगड हातात घोळवून म्हणायचा, "तुमचा माल साफ राहते आत्याबाई. बाकीच्यायच्या दगडाले लाल मातीच माती."

"धुऊन आनतो मी," ती म्हणायची. तिकडे बायकाही 'आणतो, जातो'च म्हणतात.

मी तिला कधी दगड धुताना पाहिलं नव्हतं. मनात पाल चुकचुकायची. ही दुसऱ्या कोणाच्या ठावावर तर हात मारत नाही? पण विचारणार कोण, आणि विचारून ती सांगणार काय? ती कोणालाच काही सरळ सांगत नसे. एकच गोष्ट ती सर्वांना उघडपणे सांगायची. गावाच्या मावळतीला एक बोडकी टेकडी आहे. वर पळसाचं एक झाड, बाकी सगळा पांढऱ्या गोट्यांचा, पापड वाळत घातल्यासारखा पसारा. नवी सून गावात आली की आत्याबाई तिला बजावायची, "तिकडं फिरकू नोको बाई. गोटे अन् इच्चू, दुसरं काई नाही." सगळं गाव तेच म्हणायचं, गोटे आणि विंचू. गुरंसुद्धा तिकडे चढत नसत.

तर असं सगळं एकमेकींपासून लपवून सुरळीत चाललेलं असताना नवीन नियमांची बातमी आली. ती आणली व्यापाऱ्याने. म्हणून पहिला संशय त्याच्यावर.

कुरुंद आता गौण खनिजात धरला जातो आणि त्याचे नियम राज्य सरकार करतं, एवढं मला पुढे वाचून कळलं. मसुदा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर चिकटवला होता, तो मी बायकांना उभ्याने वाचून दाखवला. दगड काढायलाच नव्हे, तर तो आहे का हे पाहायला उकरायचं असेल तरी परवाना. शेत स्वतःचं असलं तरी. प्रत्येक जागेचा परवाना वेगळा, त्याची फी वेगळी, आणि दर वर्षी नव्याने. वर अनामत. बिनपरवान्याचा दगड व्यापाऱ्याने घेतला तर तो जप्त. शेवटी एक ओळ होती की कोणाची हरकत असेल तर सुनावणीला येऊन मांडावी.

"म्हनजे मी माह्या बांधीत खुरपं मारलं, तरी बी?" शेजारच्या काकूने विचारलं. बांधी म्हणजे धानाचा वाफा.

"तरीही," मी म्हटलं.

"अन् नाही सापडलं त फी वापस?"

"नाही."

काकूने फळ्याकडे असं पाहिलं, जणू फळ्यानेच तिच्या घरात चोरी केली होती. मग बायकांचे तर्क सुरू झाले. व्यापाऱ्याला एकट्याला परवाना काढून सगळ्या गावाला मजुरीवर लावायचंय. नाही, रस्त्याच्या कामावर जेसीबी आलाय ना, त्याच्या मालकाचा डाव आहे. नाही, कोणीतरी गावातूनच चुगली केली आहे. हे बोलताना दोघींची नजर माझ्याकडे वळली. मी कागद वाचून दाखवला एवढ्यावरूनच मी त्या कागदाची मावशी ठरले होते. मला राग आला, आणि तो मी तिथेच बोलून दाखवला. "मग वाचून घ्या तुमचं तुम्ही," म्हणून घरी आले.

संध्याकाळी त्याच बायका आमच्या अंगणात. हरकत मांडायची तर साहेबासमोर बोलणारी कोणीतरी पाहिजे, आणि ती मीच, असं ठरवून आल्या होत्या. कारणही तेच, सरकारी घरची पोरगी. ज्या कारणासाठी सकाळी माझ्यावर संशय, त्याच कारणासाठी संध्याकाळी विश्वास. नवरा ओसरीवर बसून हसत होता. दगडाच्या गोष्टीत पुरुषाने बोलायचं नसतं, म्हणून हसून मोकळा झाला.

अंगणात हरकतीचे मुद्दे ठरले, पण ठाव कुठे आहे हे एकीनेही सांगितलं नाही. "आमच्या तिकडं," "खालच्या अंगाले," इतपतच. आत्याबाई तर उंबऱ्यात बसून तोंडात सुपारी धरून होती. मी तिला म्हटलं, "उद्या मी तुमच्या ठावासाठी भांडणार, आणि मला तो माहीतच नाही."

"भांडाले ठाव कायले लागते? तोंड लागते. ते हाय तुले," ती म्हणाली.

सुनावणी शाळेच्या खोलीत होती. खनिज खात्याचा साहेब तरुण होता, बोलायला मऊ. आम्हाला तेही खटकलं. ओरडणारा साहेब परवडतो, त्याचं मन कळतं. याने बायकांना आधी बसायला सांगितलं, पाणी द्यायला लावलं, भिंतीवर गावाचा मोठा नकाशा टांगला. गावातले पुरुष मागे बसले होते. व्यापारी दाराशी उभा होता, आत येईना आणि जाईना.

मी बोलले. फार काही शिकून गेले नव्हते, अंगणात ठरलं होतं तेच बोलले. सापडलेल्या मालावर काय घ्यायचं ते घ्या. पण शोधण्यावर फी घेणं म्हणजे बाजारात नुसतं फिरल्याचे पैसे मागण्यासारखं आहे. खाण खोदणारी कंपनी आणि खुरपं घेतलेली बाई यांना एकच नियम कसा लावता? एका पावसाने जागा उघडते, दुसऱ्या पावसाने बुजते, तर दर जागेचा परवाना कोण आणि किती वेळा काढणार? मध्येच काकू उठली. "साहेब, दिवसभर उकरून हाती गोटे आले, तरी बी आमी फी देऊन राहू का?" बायका हसल्या. साहेबही हसला, आणि त्याने ते लिहून घेतलं. मला वाटलं, जिंकलो.

मग तो म्हणाला, "तुमचं म्हणणं पटतं. जिथे लोक पूर्वीपासून उकरत आले आहेत, तेवढ्या जागांना सूट द्या असं मी वर कळवू शकतो. फक्त मला सांगा, तुम्ही कुठे उकरता?"

ज्या गावात सासू थकेपर्यंत सुनेलाही सांगत नाही, तिथे या माणसाने भर सभेत, पुरुषांसमोर, व्यापाऱ्यासमोर 'कुठे' विचारलं. त्याला बिचाऱ्याला काय माहीत! पण त्या वेळी मला तो बिचारा वाटला नाही. मला वाटलं, एवढ्यासाठीच तर हा सगळा घाट. पाणी, नकाशा, गोड बोलणं, सगळं या एका शब्दासाठी. सांगितलं तर ठाव गेला, नाही सांगितलं तर सूट गेली.

त्याने समोरच्या काकूकडे पाहिलं. काकूने पदर सावरला, नकाशाकडे न पाहताच बोलली, "बोडक्या टेकडीवर."

हे ऐकून तिच्या मागची दचकली, कारण तिच्या मनातही तेच होतं. तरी तिने तेच सांगितलं. "मी बी तिथीच." तिच्या मागची, "बोडकी टेकडी." मग पुढची. जिथे काहीच नाही ती जागा दाखवली की आपली वाचली, हा विचार प्रत्येकीने आपापला, एकटीने केला होता, आणि सगळ्यांची अक्कल एकाच टेकडीवर जाऊन बसली. साहेब नकाशावर त्या एकाच ठिकाणी पेन्सिल टेकवून उभा होता. एवढा एकोपा त्याने बहुधा कुठल्याच गावात पाहिला नसावा.

माझी पाळी आली. मला तर सांगायला खरं काही नव्हतंच. तेवढ्यात शेजारी बसलेल्या आत्याबाईने माझ्या मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, ती म्हणतेय, बोल लवकर, सगळ्या बोलतात तेच बोल. मी म्हटलं, "आम्हीही बोडक्या टेकडीवरच."

घरी येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. घरी आल्यावरही नाही. नवऱ्याला म्हणाली, "तुह्या बायकोले सांग, तोंड हाय म्हनून चालवाचं नसते." मी एवढी भांडले, साहेबाला पटवलं, आणि वर हे! मी त्या रात्री जेवले नाही. कोणी विचारलंही नाही, म्हणून सकाळी दुप्पट जेवले.

पुढे कळलं की साहेबांची माणसं टेकडी पाहायला येणार. आता आली का पंचाईत! वर गोट्यांशिवाय काही नाही हे त्यांना दिसलं की सगळं गाव खोटं पडणार. मी बराच विचार करून ठरवलं, की आपणच थोडे दगड वर नेऊन टाकावेत. आत्याबाईला विचारलं तर ती एकदम भडकली. "एक दगड बी जाचा नाही तिकडं. तू त पायच ठेवू नोको." मला तिचा हा कंजूसपणा वाटला. सगळ्या गावाची अब्रू जायची वेळ आली आणि हिला मूठभर दगड सुटत नाहीत! ती न्हाणीत असताना कोठीमागच्या ढिगातले थोडे दगड मी टोपल्यात घेतले, वर शेण पसरलं आणि ऊन उतरताना निघाले.

टेकडीच्या चढावर काकू भेटली. तिच्याही डोक्यावर शेणाचं टोपलं. टेकडीवर शेण घेऊन कोण जातं? पण विचारायची सोय नव्हती.

"निघाली का?" ती म्हणाली.

"हो. ऊन आहे अजून," मी म्हटलं.

पळसाच्या खाली आणखी दोघी तोंड फिरवून उभ्या होत्या, आणि पलीकडच्या उतारावरून दगड सोडल्याचा आवाज येत होता. आम्ही सगळ्या एकमेकींना न दिसल्यासारख्या आपापला माल टाकून उतरलो. मी घरी येऊन खूप हसले, एकटीच. हसू वाटून घ्यायला घरात कोणी नव्हतं. आत्याबाई ढिगाकडे पाहत बसली होती.

साहेबांची माणसं आली, हातोडीने ठोकून पाहून गेली. एकाच टेकडीवर इतक्या रंगांचा, लाल मातीचा, काळ्या मातीचा, बिनमातीचा कुरुंद पाहून एकाने फोटोही काढले म्हणे. आणि काही महिन्यांनी निकाल आला. नियम लागू झाले, फीसकट, अनामतीसकट. सूट मिळाली ती फक्त बोडक्या टेकडीला. तिथे गावकऱ्यांनी हाताने उकरायचं, परवाना नको, फी नको. आमची हरकत मान्य झाली होती.

आता विकायचा तर दगड टेकडीचा असायला हवा. म्हणून बायका आपापल्या ठावावरून दगड उकरतात, टोपलं भरून टेकडीवर चढवतात, तिथून पुन्हा उतरवून बाजाराला नेतात. व्यापारी टेकडीचा माल म्हणून घेतो. त्याला सगळं कळतं, असा मला दाट संशय आहे. वर चढलं की सगळं शिवार दिसतं. कोण कुठल्या बांधावरून आली, कोण नाल्याकडून, हे न विचारता कळू लागलं. काकू रोज वेगळा वळसा घालून येऊ लागली, आणि रोज थोडी जास्त दमू लागली.

आत्याबाईही येऊ लागली. जिने मला तिकडे पाय ठेवू नको म्हणून बजावलं, ती आता सर्वांच्या आधी टेकडीवर हजर. पण दगड आणायची नाही. पळसाच्या थोडं खाली, मावळतीच्या उतारावर एका जागी फतकल मारून बसायची. कोणी म्हटलं, "सावलीत या ना," तर म्हणायची, "गुडघे दुखून राहिले. बसली तिथी बसली." उन्हात, वाऱ्यात, सगळ्या बायका उतरून जाईपर्यंत ती तिथून हलायची नाही. मला वाटायचं, ही टेहळणी चालली आहे. कोणाचा ठाव कोणत्या दिशेला, ते बसल्याबसल्या पाहून ठेवतेय. बायकाही तसंच म्हणत, आणि मला सून म्हणून लाज वाटायची. घरातला ढीग मात्र कमी होत नव्हता, आणि ती नाल्याकडे जायची तर कधीच थांबली होती. हा दगड येतो कुठून, याचा विचार मी करत राहिले आणि तिच्यावरच संशय धरत राहिले.

मग पावसाळ्यानंतर तिला खरंच चालवेना. एक दिवस टेकडीच्या वाटेवरून ती अर्ध्यातून परत आली. खाटेवर बसून कनवटीची गारगोटी काढली, चऱ्यांनी काळी पडलेली, आणि माझ्या हातात दिली.

"आता तू बसत जा," ती म्हणाली.

"कुठे?" माझ्या तोंडून निघालं. निघालं आणि मी जीभ चावली.

या वेळी ती रागावली नाही. "मी बसतो तिथीच. खाली खुरपं घालून पाहा. अन् सगळ्या उतरल्याबिगर उठू नोको."

म्हणजे तिचा ठाव बोडक्या टेकडीवरच होता. उगवतीकडे निघायचं आणि नाल्यानाल्याने टेकडीला मागून वळसा घालायचा, तिची सगळी वर्षं अशी गेली होती. 'गोटे अन् इच्चू' हे सगळ्या गावाला शिकवणारी तीच. तिचंच शिकून बायकांनी साहेबाला ती टेकडी सांगितली. आणि तो चिमटा बोल म्हणून नव्हता, बोलू नको म्हणून होता. त्या खोलीत साहेबाला खरं सांगणारी मी एकटी निघाले, आणि ते मलाच माहीत नव्हतं.

"तेव्हाच सांगायचं ना मला," मी म्हटलं. मला रडू येत होतं आणि रागही येत होता.

"सरकारी घरची पोरगी तू," ती म्हणाली. पण या वेळी ते चिडवल्यासारखं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी सर्वांच्या आधी टेकडीवर गेले आणि पळसाखालच्या उतारावर तिच्या जागी बसले. माती तिथे नव्हतीच, पांढऱ्या गोट्यांची भुकटी, आणि खाली खुरपं घातलं तर कुरुंद, साफ, धुतल्यासारखा. थोड्या वेळाने काकू टोपलं घेऊन वर आली. माझ्याकडे तिने पाहिलं, मी कुठे बसले आहे ते पाहिलं, आणि थोडी जास्तच वेळ पाहत राहिली.

"आत्याबाईचे गुडघे तुले लागले काय?" ती म्हणाली.

"हो ना," मी म्हटलं आणि लुगडं नीट खाली पसरून घेतलं.